कासव, समुद्र आणि मोटारीची स्प्रिंग

बर दुबईत ज्याला आम्ही घर म्हणतो त्याला अंगण नसते, ओटा नसतो, आणि परसदाराची तर गोष्टच सोडा; त्यामुळे गेल्या जानेवारीत माझ्या भाच्याने माझ्या मोटारीचे सस्पेन्शन 'घरच्या घरी' बदलून देण्याचा मनोदय प्रकट केला, तेव्हा त्या 'घरच्या घरी'चा व्यावहारिक अर्थ मनखूलमधल्या आमच्या इमारतीच्या तळघरात, दोन सिमेंटी खांबांच्या मध्ये पिवळ्या रंगाने आखलेला, एक गाडी जेमतेम मावेल एवढा चौकोन इतकाच होता, आणि त्या चौकोनात पाना फिरवण्याची परवानगी देणे अथवा न देणे हे सर्वस्वी नातुराच्या मर्जीवर अवलंबून होते. नातूर म्हणजे इमारतीचा रखवालदार. शब्द अरबी, पण इथे उतरलेला मराठी माणूस तो पहिल्या आठवड्यातच उचलतो, तसाच मोटारीच्या नोंदणीपत्राला 'मुल्कीया' म्हणायलाही शिकतो. आपल्या दफ्तरांत शतकानुशतके नांदलेल्या 'मालक', 'मालकी' आणि 'मुलूख' या शब्दांचा धातू तोच आहे, हे मात्र सहसा त्याच्या ध्यानात येत नाही. जमिनीवर तेलाचा थेंब सांडता कामा नये आणि दिवेलागणीच्या आत गाडी चारी चाकांवर उभी दिसली पाहिजे, अशा शर्तींवर नातुराने मुभा दिली, आणि स्वतः प्लास्टिकची खुर्ची टाकून देखरेखीस बसला.

गाडी दहा वर्षांची, जपानी बनावटीची, लहान. तिची मला फारशी गरज अशी पूर्वी नव्हती. शुक्रवारी सकाळी खाडीकाठच्या शिवमंदिरात पायी जावे, फुलांच्या गल्लीतून परतावे, वाटेत चहा घ्यावा, हा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ होता. परंतु २०२२ सालच्या आरंभापासून साप्ताहिक सुट्टी शुक्रवारऐवजी शनिवार-रविवारवर गेली, आणि २०२४ च्या जानेवारीत ते शिवमंदिरच जबल अलीला हलले, त्यामुळे जे दर्शन दहा मिनिटांच्या चालण्याने घडत असे ते शेख झायेद रस्त्याने तीसपस्तीस किलोमीटरांचा प्रवास केल्यावाचून घडेनासे झाले. अशाच एका शनिवारी भाचा सुकाणूवर बसला आणि परतताना म्हणाला, "मामा, तुमची गाडी वळणावर नाचते." मी हा आरोप अर्थातच नाकबूल केला. तेव्हा तळघरात उतरल्यावर त्याने गाडीच्या पुढल्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात टेकून अंगाचा सारा भार दिला आणि हात एकदम काढून घेतले: गाडी वर आली, पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली, आणि उतारवयात झोपाळ्यावर बसलेल्या गृहस्थासारखी बराच वेळ हेलकावत राहिली. "एकदा वर येऊन थांबायला पाहिजे," तो म्हणाला. "धक्का केव्हाच संपला. ही अजून त्याच्याच नादात आहे."

त्याच्या दृष्टीने हे वाक्य निव्वळ यंत्रशास्त्रातले होते. मला मात्र ते त्या रात्री झोप लागेपर्यंत पुरले, कारण धक्का संपल्यावरही त्याच्या नादात राहणे याहून आपल्या बहुतेक दुःखांचे अधिक नेमके वर्णन मला सुचेना.

काय बदलायचे याविषयी आमच्यात थोडी घासाघीस झाली. त्याचा प्रथमचा बेत गाडी दोन इंच खाली बसवणाऱ्या आखूड आणि कडक स्प्रिंगा घालण्याचा होता. परंतु परवान्यावाचून इंजिनात अथवा सांगाड्यात फेरफार केल्यास या देशात १००० दिऱ्हाम दंड, १२ काळे गुण आणि ३० दिवस गाडीची जप्ती, असा कायदा आहे, आणि साठीच्या उंबरठ्यावर जप्तीची नोटीस हाती घेण्याची माझी इच्छा नव्हती. अखेर तडजोड अशी ठरली की स्प्रिंगा मूळच्याच ठेवाव्यात, उंची एका सुताने बदलू नये, पण चारी शॉक ॲब्सॉर्बर किंचित कडक जातीचे घालावेत आणि त्याबरोबर झिजलेले रबरी बुश काढून नवे बसवावेत. एवढ्यानेही गाडी वळणावर चपळ होईल, असे त्याचे म्हणणे होते, आणि पुढे ते खरे ठरले.

आता या शॉक ॲब्सॉर्बरच्या, म्हणजे आपल्याकडचे मिस्त्री ज्याला शॉकप म्हणतात त्याच्या, नावातच एक मोठा प्रमाद दडलेला आहे. धक्का पोटात घेण्याचे काम तो करीतच नाही. ते काम स्प्रिंगचे. चाक खड्ड्यात किंवा उंचवट्यावर गेले की स्प्रिंग दबते आणि धक्का स्वतःत साठवते, आणि साठवलेले परत केल्यावाचून तिला राहवत नाही, म्हणून ती उसळते; उसळून मर्यादेबाहेर गेली की पुन्हा मागे येते. शॉकपच्या नळीत तेल असते, त्या तेलातून बारीक छिद्रांचा एक दट्ट्या वरखाली होतो, आणि त्या छिद्रांतून तेलाला वाट काढायला लावून तो त्या उसळीतली शक्ती खर्ची घालतो. म्हणजे एक धक्का झेलते आणि दुसरा त्याची पुनरावृत्ती थांबवतो. ही दोन कामे एकच आहेत अशी आपली समजूत असते, मोटारीच्या बाबतीत आणि मनाच्याही.

स्प्रिंगच्या या स्वभावाला आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वी नाव दिले आहे. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाने ज्या तर्कसंग्रहाने न्यायशास्त्राच्या अगणित विद्यार्थ्यांना वेठीस धरले, त्यात संस्कार नावाचा गुण त्रिविध सांगितला आहे: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग हा हलणाऱ्या द्रव्याचा. भावना केवळ आत्म्याची, अनुभवातून जन्मणारी आणि स्मरणाला कारण होणारी. आणि स्थितिस्थापक तो, जो वाकवलेली वस्तू पुन्हा पूर्वस्थितीला आणतो, आणि ज्याचे उदाहरण म्हणून ग्रंथकार साधी चटई पुढे करतो. हूक नावाच्या इंग्रज पंडिताने स्प्रिंगचा नियम १६७८ साली प्रसिद्ध केला; दाब जितका तितकी विकृती, हे प्रमाण त्याने बांधून दिले, आणि ते प्रमाण आपल्या नैयायिकांनी कधी मोजले नाही हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु गुंडाळलेली चटई उलगडते तेव्हा आणि गेलेला दिवस आठवतो तेव्हा एकाच जातीचे काही घडते, स्मृती आणि स्प्रिंग ही एकाच वर्गातली भावंडे आहेत, ही त्यांची दृष्टी हूकजवळ नव्हती. मात्र या तिन्ही संस्कारांत आंदोलन शमवणारा असा कोणी नाही. वेग नेतो, भावना आठवते, स्थितिस्थापक परत आणतो. थांबवणारा चौथा त्या यादीत नाही, आणि माझ्या मते नेमका तोच गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचा विषय आहे.

त्या अध्यायाच्या अखेरीस अर्जुन विचारतो की स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. प्रश्न मोठा व्यवहारी आहे. रथात बसलेल्या माणसाचा आहे. त्याच्या उत्तरात पुष्कळ लक्षणे आली आहेत, पण वाचकाच्या मनात घर करून राहतात त्या दोन उपमा, आणि त्या दोन उपमा एकमेकींशी जुळत नाहीत असे मला फार वर्षे वाटत आले आहे. पहिली कासवाची: कासव जसे आपले अवयव सर्व बाजूंनी आत ओढून घेते तशी स्थितप्रज्ञाने विषयांपासून इंद्रिये आवरून घ्यावीत. दुसरी समुद्राची: सर्व बाजूंनी पाणी येऊन मिळत असताही जो आपली मर्यादा सोडत नाही, तसा तो. एकीत दार लावून घेतले आहे, दुसरीत दार सताड उघडे आहे. कासवाला पाणी लागत नाही. समुद्र पाणी नाकारत नाही. टीकाकार या दोहोंची सांगड घालून देतात, पण समत्व म्हणजे धक्का न लागणे की धक्का लागूनही न हेलकावणे, हा मूळ प्रश्न त्या सांगडीखाली झाकून जातो.

मोटारीच्या दुनियेत हे दोन पंथ प्रत्यक्ष पाहायला मिळतात, आणि पाहायला दुबईसारखे ठिकाण नाही. येथील श्रीमंत गाड्या कापसाच्या गादीवरून घसरत जाव्यात तशा शेख झायेद रस्त्यावरून जातात. आत बसलेल्याला रस्ता डांबरी आहे की काँक्रीटचा, चाकाखाली वाळू आली की पाणी, याची खबर लागत नाही. पुष्कळांना हेच सुख वाटते. येथे एक व्युत्पत्ती सांगण्याचा मोह आवरत नाही: ऋग्वेदात 'सुख' हा शब्द रथाचे विशेषण म्हणून येतो, आणि 'ख' म्हणजे छिद्र, चाकाच्या तुंब्याचे, ज्यात आस बसतो, असा त्याचा अर्थ अनेक कोशकारांनी लावला आहे, ज्याच्या आसाचे छिद्र नीट तो रथ सुखाचा. म्हणजे आपल्या सुखकल्पनेचा जन्मच मुळी चाकाच्या मध्यात झाला असणे शक्य आहे! परंतु त्या सुखाचा अर्थ रस्ता न कळणे असा खास नसावा. चाक आसावर नीट फिरावे, खडखडू नये, एवढाच असावा. गादीवरच्या गाडीला वळण आले की ती कलते, उशिरा वळते, आणि रस्त्याने काय सांगितले हे चालकाला कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. हे कासवाचे समत्व झाले. माझ्या परिचयात असे पुष्कळ शांत लोक आहेत, ज्यांची शांती ही केवळ बातमी न पोचण्याची व्यवस्था आहे.

कासवाच्या पंथातील दुसरा धोका मला त्या शनिवारी तळघरात दिसला. जुना शॉकप काढायचा तर त्याच्याभोवतीची स्प्रिंग आधी दाबून धरावी लागते, आणि त्यासाठी दोन बाजूंनी आकडे अडकवून ती दाबणारे एक हत्यार असते. भाच्याने ते लावले, स्क्रू फिरवत फिरवत वेटोळी जवळ आणली, आणि मग अत्यंत सौम्य आवाजात मला म्हणाला, "मामा, तुम्ही त्या खांबामागे उभे राहा." नातुराने न सांगताच खुर्ची मागे घेतली. स्प्रिंग बाहेरून पूर्ण निश्चल दिसत होती. कोणत्याही संन्याशापेक्षा अधिक स्वस्थ. आकडा निसटला असता तर मात्र तिने समोरच्याचा जबडा मोडला असता. नुसत्या निग्रहाने काय साधणार, अशी शंका गीतेनेच तिसऱ्या अध्यायात उपस्थित केली आहे, तिचे भाष्य मी इतक्या जवळून पूर्वी वाचले नव्हते.

नवे शॉकप बसल्यावर आम्ही एक फेरी मारून आलो. गाडी कमी कलत होती, सुकाणू फिरवताच नाक वळत होते, आणि गल्लीतल्या गतिरोधकांवर पूर्वी न जाणवणारे कंगोरे पाठीच्या कण्याला जाणवत होते. मी म्हणालो, "वळणावर बाहेरच्या चाकांवर पडणारा भार आता कमी झाला म्हणायचा." तो हसला. "नाही मामा. भार तेवढाच पडतो. तो गाडीच्या वजनावर, उंचीवर, रुंदीवर आणि वेगावर ठरतो. गाडी कलते किती, त्याने त्यात फारसा फरक पडत नाही. कलणे आपल्याला दिसते, म्हणून आपण त्याला भार समजतो."

मी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली, कारण माझ्या एका जुन्या गृहीतकाला त्याने सुरुंग लागत होता. घरात मृत्यू झाला असता जो माणूस मोडून पडत नाही, दहाव्या दिवसाची यादी करतो, पाहुण्यांच्या चहाची तजवीज लावतो, त्याला दुःख कमी झाले असावे असे आपण समजतो, आणि कधी कधी ते त्याला ऐकवतोही. भार तेवढाच असतो. तो कोठे आणि किती लवकर स्थिरावतो, एवढाच फरक. स्थितप्रज्ञाला भार नसतो असे गीतेने कोठे म्हटल्याचे मला आढळत नाही. आम्हीच तो अर्थ तिच्या पदरात घातला.

दुसऱ्या शनिवारी बुश बसवायचे होते, आणि त्या दिवशी मी जे पाहिले त्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला. बुश म्हणजे लोखंडी नळीभोवती घट्ट बसवलेले रबर. खालच्या आर्मच्या टोकाला ते असते, आणि चाक वरखाली होताना ते पिळते व सुटते. गाडी जॅकवर उचलून, स्टँडवर ठेवून, चाक लोंबकळत असताना भाच्याने आर्मचा बोल्ट आत सरकवला, नट हाताने फिरवून बसवला, आणि पाना खाली ठेवला. मी विचारले, आवळत का नाहीस? तो म्हणाला की हा बोल्ट हवेत आवळायचा नसतो. चाक लोंबकळत असताना आवळला तर रबर त्या लोंबत्या अवस्थेलाच आपली मूळ स्थिती मानते. मग गाडी खाली उतरवून तिचे वजन पडले की ते कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. म्हणून आधी चाकांखाली लाकडी ठोकळे देऊन गाडी तिच्या स्वतःच्या वजनावर उभी करायची, आणि मग त्या अडचणीच्या फटीत हात घालून, पाठीवर निजून, टॉर्क रेंचने बोल्ट आवळायचा. काम त्यामुळे चौपट कष्टाचे होते. तो बोल्ट आवळताना त्याच्या कोपराचे साल निघाले, आणि रेंचने खट् असा आवाज करून पुरे म्हटले, तोवर त्याने तीनदा श्वास घेण्यासाठी मान बाहेर काढली होती.

मला त्या क्षणी मंडाले आठवले. टिळकांनी गीतारहस्य लिहिले ते ब्रह्मदेशातल्या त्या तुरुंगात, आणि ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले १९१५ साली. विनोबांनी गीतेवरील प्रवचने दिली ती १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात, जी साने गुरुजींनी उतरून घेतली. आणि त्याच विनोबांनी स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर स्वतंत्र व्याख्याने दिली तीही १९४४ च्या कारावासात. गीता सांगितली गेली तीच मुळी दोन सैन्यांच्या मध्ये. समत्वाविषयीचा आपला सर्वांत कसदार विचार हा असा वजन अंगावर असताना आवळलेला आहे, आणि म्हणूनच तो पिळला गेला नाही. उलट सुट्टीत, थंड हवेच्या ठिकाणी, पोटभर जेवून, संसाराची चाके लोंबती ठेवून केलेले माझे स्वतःचे संकल्प आठवतात: क्रोध करणार नाही, अपेक्षा धरणार नाही. ते सारे हवेत आवळलेले बोल्ट होते. गाडी खाली उतरताच पहिल्या महिन्याच्या भाड्याला त्यांचे रबर फाटले. टिळक आणि विनोबा यांचे निष्कर्ष एक नाहीत. एकाचा रोख कर्माकडे अधिक, दुसऱ्याचा चित्तशुद्धीकडे. परंतु बोल्ट कोठे आवळायचा याविषयी दोघांच्या आयुष्यांनी दिलेली साक्ष एकच आहे.

आता एक आक्षेप, जो माझा मलाच सुचला. समत्व जर शॉकपसारखे असेल, तर अधिक कडक शॉकप म्हणजे अधिक समत्व, असे का म्हणू नये? भाच्याने याचे उत्तर सहज देऊन टाकले. फार कडक केले तर खडबडीत रस्त्यावर चाक खड्ड्याच्या मागोमाग खाली जाऊ शकत नाही, क्षणभर हवेत राहते, आणि हवेतल्या चाकाला ना वळण ना ब्रेक. रस्ता सोडलेले चाक निर्विकार दिसते खरे. काही तपस्व्यांविषयीच्या आख्यायिका ऐकताना मला हीच शंका येत असे, की हे गृहस्थ स्थिर आहेत, की यांचे चाक जमिनीवरच नाही?

राहिला प्रश्न शमलेल्या आंदोलनाचे होते काय, याचा. महिन्याभराने आम्ही हत्ताकडे गेलो असता डांबर सोडून खडीच्या कच्च्या वाटेने काही किलोमीटर गेलो. थांबल्यावर भाच्याने मला चाकाच्या कमानीतून हात आत घालायला सांगितला. शॉकपची नळी चांगली गरम लागली, तापलेल्या तव्यासारखी नव्हे, पण ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी. खडीवरचा प्रत्येक हिसका तेलाला घासून उष्णता झाला होता. नाहीसा काहीच झाला नव्हता. 'तप' या शब्दाचा धात्वर्थ तापणे हाच आहे, हे आपण शाळेत शिकतो आणि पुढे व्रतवैकल्यांच्या गर्दीत विसरतो. जे शांत दिसतात त्यांच्या आत कोठेतरी काहीतरी तापत असते, आणि तो ताप हवेत सोडायला त्यांना थोडा वेळ व थोडी मोकळीक लागते, ही गोष्ट समत्वाचा उपदेश करणारांनी क्वचितच सांगितली आहे. माझी आई पंचवीस वर्षे चार दिरांच्या एकत्र कुटुंबात कधी आवाज न चढवता वागली, आणि रोज दुपारी अर्धा तास एकटी मागच्या पायरीवर जाऊन बसत असे. तिला तेथे कोणी हाक मारलेली चालत नसे. आम्हा मुलांना ते विक्षिप्तपणाचे वाटे.

मार्चमध्ये गाडीचे पासिंग झाले. तपासनीसाने ती खालून पाहिली, चारी कोपरे दाबून पाहिले, काही विचारले नाही, आणि मुल्कीया एका वर्षासाठी नवी झाली. चारी शॉकप नवे आहेत, बुश नवे आहेत. स्प्रिंगा मात्र दहा वर्षांपूर्वीच्या, त्याच आहेत.